मदत हवी आहे: मेशचे वरचे नोड सारखे तुटतायत

पायवाट
तीन अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे नोड) आहेत, तिन्हींवर ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर. तळमजल्यावरचा मोडेमला जोडलाय, वरचे दोन वायरलेस मेशवर, म्हणजे केबलशिवाय आपसात जोडलेले. छान चालू असतं आणि मधेच वरचे दोन्ही एकदम गायब. मुख्य नोड बंद-चालू केला की मिनिटभराने परत जुळतात. वर आईवडील राहतात, डॉक्टरांशी बोलताना व्हिडिओ कॉल तुटतो, म्हणून घाई आहे. फर्मवेअर नव्याने टाकून झालंय, तेव्हा कृपया रीसेट करा असं सांगू नका. नेमकं कुठे बघू?

तांब्याची_तार
मेशचा नाद सोडा. प्रत्येक मजल्यावर केबल न्या, तिन्ही साधे अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवा. हवेतून बॅकहॉल (नोडना आपसात जोडणारा दुवा) म्हणजे कायमची कटकट.

पायवाट
केबल ओढणं शक्य असतं तर इथे विचारलंच नसतं. भिंती फोडायच्या नाहीत.

गच्चीवरून
कोणतं मॉडेल? मेश ८०२.११एस (वायफायचंच मेश मानक) आहे की बॅटमॅन (वेगळा मेश राउटिंग प्रोटोकॉल)? कोणता बँड, कोणता चॅनेल? लॉग कुठाय? एवढ्या माहितीवर कोणी काय सांगणार?

सोपानराव
डब्ल्यूपीएडी-बेसिक (वायफायची सुरक्षा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची छोटी आवृत्ती) टाकलेलं असणार. मेशला पासवर्ड लावायचा तर एसएई ही पासवर्ड तपासण्याची पद्धत लागते आणि मेशसाठी ती बेसिकमध्ये चालत नाही. ते काढून मेशवालं डब्ल्यूपीएडी टाका.

गच्चीवरून
सोपानराव, तसं असतं तर नोड मुळात जुळलेच नसते. त्यांचे जुळतात, मग तुटतात. दुखणं वेगळं आहे.

पायवाट
तिन्ही एकाच मॉडेलचे. ८०२.११एस, ५ गिगाहर्ट्झ, चॅनेल १००, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. त्याच रेडिओवर घरचं वायफायपण आहे. चॅनेल १०० घेतला कारण शेजारचे सगळे ३६ वर आहेत.

लाटालहरी
फोन एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना अडकतो, त्यासाठी ८०२.११आर (चटकन नोड बदलण्याची सोय) चालू करा. तिन्हीकडे मोबिलिटी डोमेन (नोडच्या गटाची खूण) एकच ठेवा. माझ्याकडे कॉल तुटायचे थांबले.

गच्चीवरून
त्यांची तक्रार रोमिंगची नाहीच. नोडच गायब होतोय, फोन जाणार कुठे?

सोपानराव
मग बॅटमॅन घ्या. ८०२.११एसचं राउटिंग मला कधीच पटलं नाही. बॅटमॅन दुव्याचा दर्जा बघून वाट ठरवतं. फक्त खालच्या इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १५३२ करायला विसरू नका, नाहीतर मोठी पॅकेट तुकड्यांत जातात.

तांब्याची_तार
तीन नोडसाठी बॅटमॅन? सगळी वाहतूक एकाच मोडेमकडे जाणार, वाट ठरवायला आहे काय? आणि वायरलेसवर बॅटमॅन चालवायलाही खाली दुवा लागतोच. तो तुटला तर वर काहीही असलं तरी काय उपयोग?

रात्रपाळी
पायवाट, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं ‘मिनिटभराने’ महत्त्वाचं आहे. चॅनेल १०० डीएफएसमध्ये, म्हणजे रडारसोबत वाटून वापरायच्या चॅनेलांत, येतो. तिथे बोलायला सुरुवात करण्याआधी रेडिओला ६० सेकंद गप्प बसून रडार आहे का ते ऐकावं लागतं. चालू असताना रडारची चाहूल लागली तर चॅनेल लगेच सोडायचा आणि ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही, असा नियम आहे. मुख्य नोड हलला आणि वरचे १०० वरच राहिले, की दोन्ही एकदम तुटणार. चाहूल खरी असेलच असंही नाही, खोटीही लागते. मुख्य नोडच्या लॉगमध्ये ‘डीएफएस-रडार-डिटेक्टेड’ शोधा.

पायवाट
सापडलं! आज दुपारचीच ओळ आहे आणि तेव्हाच वरचं गेलं होतं. त्यानंतर मुख्य नोड वेगळ्याच चॅनेलवर दिसतोय. पण ३६ वर गर्दी आहे त्याचं काय?

रात्रपाळी
गर्दी असू द्या. गर्दीत वेग कमी होतो, दुवा तुटत नाही. ८० रुंदीला ३६ ते ४८ सगळे व्यापले जातात, त्रास वाटला तर रुंदी ४० करा. तिन्हीकडे चॅनेल, मेश आयडी आणि देशाचा कोड एकच हवा. चॅनेल ‘ऑटो’वर ठेवू नका.

उंबरठा
एक राहिलं. पुढेमागे तात्पुरती केबल दोन नोडमध्ये लावलीत आणि मेशही त्याच ब्रिजमध्ये (एकत्र जोडलेल्या इंटरफेसच्या गटात) असला, तर लूप होऊन, म्हणजे पॅकेट गोल गोल फिरत राहून, सगळं नेटवर्क झोपेल. असे लूप तोडणारं एसटीपी चालू करून ठेवा. आयपी पत्ते वाटणारं डीएचसीपी मुख्य नोडवरच, बाकीच्यांवर बंद.

पायवाट
३६ वर टाकलं, रुंदी ४०. लॉगमध्ये रडारची ओळ पुन्हा आली नाही, कॉलही पूर्ण झाला. रात्रपाळी, मनापासून आभार. आता स्टेशन डंपमध्ये (जोडलेल्या नोडच्या यादीत) दुसरा नोड सिग्नल उणे ५८ डीबीएम दाखवतो (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), तिसरा थेट मुख्यालाच जोडलेला आणि उणे ७८. तिसरा फार मंद आहे. पॉवर वाढवू का?

रात्रपाळी
पॉवर वाढवून फारसं साधणार नाही, जागा बदला. नोड जिथे वायफाय पोचत नाही तिथे ठेवला जातो आणि मग त्यालाच सिग्नल मिळत नाही. तो अलीकडे, जिन्याजवळ दुसऱ्याच्या टप्प्यात आणा. उणे ६५च्या आसपास मिळालं की थांबा. एकच रेडिओ असल्याने दुसऱ्यामार्फत जाताना वेग निम्म्यावर येईल, पण उणे ७८च्या थेट दुव्यापेक्षा ते बरं.

तांब्याची_तार
जिन्यातून एखादा जुना टेलिफोनचा पाइप जात असेल तर बघा. त्यातून केबल सहज जाते.

पायवाट
पाइप आहे खरा, वरपर्यंत जातो का ते बघतो. तोवर नोड जिन्यात हलवतोय.