ग्रास कटरचा गार्ड काढून चालवतात, बाबांना कसं समजवायचं? (राजापूर, आंब्याची बाग)

कातळावरचा

नमस्कार मंडळी. आमची राजापूर तालुक्यात आंबा-काजूची बाग आहे, मी असतो ठाण्याला, गावी बाबा (वय ६३) आणि एक गडी. गेल्या वर्षी टू स्ट्रोकचा पाठीमागून पट्टा लावायचा ग्रास कटर घेतला, कारण बेणणीला (बागेतलं गवत काढायला) माणसं मिळतच नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही. मशीन चांगलं आहे, तक्रार त्याची नाही. पण गणपतीला गेलो तेव्हा बघितलं तर खालचा प्लास्टिकचा गार्ड काढून पडवीत टांगून ठेवलेला, आणि गडी हाफ पँट नि स्लिपरवर गवत मारतोय, डोळ्याला काही नाही. बाबा म्हणतात गार्डात ओलं गवत अडकतं, सारखं थांबून काढावं लागतं, आणि दुकानदारानेच सांगितलं की काढलात तरी चालेल. आमची जमीन म्हणजे जांभ्याचा कातळ, गवतात खडे कुठे आहेत दिसत पण नाही. शेजारची मुलं बघायला येऊन उभी राहतात ते वेगळंच.

माझे प्रश्न असे की गार्ड काढल्याने नक्की काय होतं, गवत अडकू नये म्हणून काय करायचं, आणि तीन पात्यांचं ब्लेड बरं की नायलॉनची दोरी? मला भांडण नको आहे, बाबांना पटेल असं काहीतरी सांगा. "डेंजर आहे" एवढं बोलून त्यांना पटणार नाही हे मला माहिती आहे.

मशीनवाला_चिपळूण

दादा, बाबांना सेफ्टीचं सांगू नका, मशीनचं सांगा. गार्डाच्या कडेला आतून एक छोटी लोखंडी पट्टी असते बघा, चाकूसारखी. ती दोरी ठराविक लांबीला कापते. गार्ड काढला की दोरी हवी तेवढी लांब सुटते, मग इंजिनला लोड येतो, क्लच घसरून तापतो, आणि दोन सीझनमध्ये क्लच, ड्रम दोन्ही बदलायला येतात. आमच्याकडे अशी मशिनं येतातच, आल्या आल्या मी पहिलं गार्ड कुठे आहे ते विचारतो. हे ऐकून म्हातारी माणसं लगेच गार्ड लावतात, कारण पैशाचं गणित कळतं.

आता अडकण्याचं. छातीएवढं गवत एका फटक्यात मुळापासून मारायला गेलात तर हेडला (खालच्या फिरणाऱ्या भागाला) गुंडाळणारच. आधी वरचा अर्धा भाग कापायचा, मग खालचा. आणि गवतात शिरायच्या आधी थ्रॉटल पूर्ण द्यायचा, गवतात शिरून मग रेस देणारा माणूस कायम अडकतो. तरी अडकलं तर मशीन बंद करून काढा, नुसतं रेस सोडून नाही. आणि रेस सोडल्यावर पण पातं फिरतंय असं दिसलं तर कार्बोरेटरचा आयडल स्क्रू कमी करून घ्या, ते नॉर्मल नाही. ब्लेड बदलताना प्लगची कॅप काढून ठेवायची, आणि ब्लेडचा नट बहुतेक मशिनांना उलट्या आट्याचा असतो, उजवीकडे फिरवला की सुटतो. जोर लावून उलटा फिरवत बसलात की हात घसरून सरळ पात्यावर जातो.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते मशीनच्या पुस्तकात बघा, शेजाऱ्याला विचारू नका. २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. गरम मशिनीत पेट्रोल ओतायचं नाही, आणि जिथे ओतलं तिथेच उभं राहून स्टार्टरची दोरी खेचायची नाही, चार पावलं बाजूला जायचं.

देवगडची_बाग

आमच्याकडे पण कातळच, त्यामुळे सविस्तर लिहिते. ब्लेड वरून बघितलं तर डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणजे डाव्या अंगाला पातं आपल्याकडे येत असतं, त्या बाजूला खडा लागला की तो थेट नडगीवर किंवा तोंडावर. गार्ड नेमका त्यासाठीच तिथे बसवलेला असतो. कापायचं उजवीकडून डावीकडे ओढत, आणि ब्लेडचा पुढचा-उजवा कोपरा झाडाच्या बुंध्याला किंवा गडग्याला (दगडी कुंपणाला) लागू द्यायचा नाही, तिथे लागलं की पूर्ण दांडा झटका देऊन बाजूला फेकला जातो, धरणारा माणूस फिरतो. म्हणून पट्टा घातल्याशिवाय आम्ही कुणाला मशीन हातात देत नाही.

दोरी की ब्लेड, तर गडग्याजवळ, पायवाटेवर, घराच्या आसपास दोरीच. रानात जिथे झुडपं, दांड्याचं गवत आहे तिथे तीन पात्यांचं. पण नवीन कलमांच्या जवळ दोन्ही नको, दोरीने कोवळी साल सोलून निघते आणि कलम उभ्या उभ्या वाळतं. आळ्यातलं गवत आम्ही विळ्यानेच काढतो, वेळ लागतो पण कलम वाचतं.

मशीन चालू करायच्या आधी एक चक्कर मारा, मोठे खडे, तारा, फुटक्या बाटल्या उचला. आणि गमबूट पाहिजेतच, खड्यासाठी पण आणि फुरश्यासाठी पण. मुलांना १५ मीटर लांब, म्हणजे आमच्याकडे सरळ सांगतो की मशीनचा आवाज चालू असेपर्यंत अंगणाच्या बाहेर यायचं नाही. मशीन चालवणाऱ्याला बोलवायचं असेल तर मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही, समोरून लांबूनच हात करायचा, दचकून वळला की दांडा पण वळतो.

डोळ्यांची_सिस्टर

मी डोळ्यांच्या वॉर्डात काम करते म्हणून एवढंच लिहिते, पण प्लीज पूर्ण वाचा. पावसाळ्यात आणि नंतर गवत, कुसळ, भाताचं पान डोळ्याला लागून जे पेशंट येतात त्यांच्यात बुरशीचं इन्फेक्शन होतं, बुबुळावर पांढरा डाग पडतो आणि नजर जाते. सुरुवातीला नुसतं टोचल्यासारखं, लाल झालेलं वाटतं. मग लोक मेडिकलमधून विचारून ड्रॉप आणतात, त्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी पसरत जाते. पेशंट आमच्यापर्यंत येतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेव्हा गवत लागलं असेल तर डोळा चोळू नका, आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, गवत लागलंय हे आठवणीने सांगा. खडा किंवा तारेचा तुकडा रुतलेला असेल तर काढू नका, पाणी मारू नका, दाबू नका. वर कागदी कप उलटा धरून चिकटपट्टी लावा आणि १०८ ला फोन करा.

साधा उन्हाचा गॉगल चालत नाही, फुटून तीच काच आत जाते. बाजूने बंद असलेला, ज्यावर ईएन १६६ किंवा झेड८७ (सेफ्टी चष्म्याची मानकं) लिहिलंय असा घ्या, आणि वरून जाळीचं फेस शील्ड. नुसती जाळी नको, बारीक तुकडे त्यातून आत येतात. आणि कानाला पण काहीतरी लावा, ८५ डेसिबलच्या वर रोज तासन्‌तास ऐकलं तर कान जातात, आणि ही मशिनं त्याच्या खूप वर असतात.

न्यूजर्सीचा_पाटील

इकडे आपण लॉन मोअर ढकलतो, त्याला हँडलवर एक दांडी असते, ती सोडली की ब्लेड ३ सेकंदात थांबलंच पाहिजे असा अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे. तरी लोक ती दांडी दोरीने बांधून ठेवतात, हात दुखतो म्हणून! मग अडकलेलं गवत काढायला हात खाली घालतात. तुमच्या गार्डाची गोष्ट तीच आहे.

अजून एक, दोरी लवकर तुटते म्हणून काही लोक हेडला लोखंडी साखळी किंवा तार लावतात, ऑनलाइन विकायला पण दिसते. ते बिलकुल आणू देऊ नका. साखळीची कडी सुटली की गोळीसारखी जाते, युरोपियन युनियनने २०१२ मध्ये असली जोडणी विकायला बंदी घातली, माणूस गेल्यानंतर.

कातळावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लचचं बाबांना फोनवर सांगितलं, पहिलं वाक्य ऐकूनच म्हणाले "मग आधी कुणी सांगितलं नाही ते", आणि संध्याकाळी गार्ड लावल्याचा फोटो आला. गमबूट, गॉगल, कानाचे मफ मी इथून घेऊन पाठवतोय, दोन जोड्या, गड्याला वेगळा. एकच सेट पाठवला तर तो बाबांच्या डोक्यावर राहणार आणि गडी तसाच, आणि मशीन तर जास्त तोच चालवतो.

@मशीनवाला_चिपळूण, आयडलला पातं फिरतंय असं गडी म्हणाला. तो स्क्रू आपण घरी फिरवला तर चालेल का की आणूनच दाखवू?

मशीनवाला_चिपळूण

घरी चालेल. मशीन गरम करून घ्या, दांडा जमिनीपासून वर टेकवून ठेवा, पात्यासमोर कुणी नको. कार्बोरेटरवर "टी" किंवा "आयडल" लिहिलेला स्क्रू हळूहळू उलटा, पाव पाव फेरा, पातं थांबेपर्यंत. बाकीचे दोन स्क्रू असतील तर हात लावू नका. पातं थांबायच्या आधीच इंजिन बंद पडायला लागलं तर क्लचची स्प्रिंग गेली आहे, मग घेऊन या.