‘निर्वासित’, ‘परागंदा’ की ‘हद्दपार’? एका आर्मेनियन आजीच्या कुटुंबकथेच्या अनुवादातील पेच

अनुवादिका :
एका दिवाळी अंकासाठी मी सध्या एका फ्रेंच लेखाचा मराठी अनुवाद करीत आहे. मार्सेयमध्ये वाढलेल्या एका नातीने आपल्या आर्मेनियन आजीच्या घराची हकीकत त्यात सांगितली आहे. आजीचे माहेर ऑटोमन साम्राज्यातील खारपेर्त भागातल्या एका खेड्यात होते. १९१५ च्या उन्हाळ्यात गावातील कर्त्या पुरुषांना आधी वेगळे काढून नेण्यात आले आणि मागे राहिलेल्या बायका, म्हातारी माणसे व मुले यांना सीरियाच्या वाळवंटाच्या दिशेने पायी हाकलण्यात आले. आई वाटेत गेली, धाकट्या भावाचे काय झाले ते शेवटपर्यंत कळले नाही आणि ही लहान मुलगी एका बेदुइन, म्हणजे वाळवंटातील भटक्या अरब कुटुंबाच्या तंबूत पोहोचली. काही वर्षांनी ती अलेप्पोला, कारेन येप्पे या डॅनिश बाईंनी राष्ट्रसंघाच्या कामाचा भाग म्हणून चालवलेल्या आश्रयगृहात आली, तेथून मार्सेयच्या कँप ओद्दो या छावणीत गेली आणि पुढे फ्रान्सचीच झाली.

संपादकांचे म्हणणे असे की, संपूर्ण लेखात ‘निर्वासित’ हा एकच शब्द वापरावा, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही. परंतु आजीच्या तोंडी दोन वेगळे शब्द आहेत आणि नातीने ते मुद्दाम मूळ रूपातच ठेवले आहेत. १९१५ च्या त्या वाटचालीला आजी ‘आक्सोर’ म्हणते. मार्सेयमधल्या स्वतःला आणि शेजारणींना मात्र ती ‘काघ्तागान’ म्हणते. पहिल्या शब्दात कोणीतरी हाकलून लावल्याचा अर्थ आहे, तर दुसऱ्यात आपला मुलूख सोडून परक्या ठिकाणी येऊन राहिल्याचा. पहिल्यासाठी ‘हद्दपारी’ आणि दुसऱ्यासाठी ‘परागंदा’ योजावा असे माझ्या मनात आहे. जाणकारांनी मत द्यावे.

जुनी पाने :
‘परागंदा’ हा शब्द आपल्याला सुचला याचा आनंद वाटला. मूळ फारसीत त्याचा अर्थ ‘विखुरलेला’ असा आहे, परंतु मराठी कागदपत्रांत त्याला स्वतःचे वजन आले आहे. फौजेची धामधूम झाली, दुष्काळ पडला किंवा वसुलीचा जाच असह्य झाला की ‘रयत परागंदा झाली’ असे लिहिले जाई, आणि मग सरकारातून कौल देऊन तिला परत आणून गाव वसवले जाई. या शब्दात उजाड झालेले घर दिसते, जे ‘स्थलांतरित’ या शब्दात कधीच दिसत नाही.

एक अडचण मात्र लक्षात घ्यावी. परागंदा झालेली रयत कौल मिळाल्यावर परतत असे. तुर्कस्तानातून बाहेर पडलेल्या कित्येक आर्मेनियनांच्या कागदांवर मात्र ‘परतीची शक्यता नाही’ अशा अर्थाचा फ्रेंच शिक्का मारलेला असे. त्यांच्यासाठी कोणाचाही कौल निघाला नाही.

तत्सम :
जो शब्द आपल्याकडे आहे त्याचा अर्थ नीट पाहण्याआधीच फारसीकडे धावण्याची आपल्याला सवय लागली आहे. ‘निर्वासित’ हे प्रयोजक रूपावरून आलेले कर्मणि धातुसाधित आहे. जो आपण होऊन निघाला तो निर्वासित नव्हे. ज्याला दुसऱ्या कोणीतरी वसतीतून बाहेर काढले तो निर्वासित. म्हणजे आजीचा ‘आक्सोर’ ‘निर्वासित’ या शब्दात आधीच सामावलेला आहे. संपादकांचे म्हणणे योग्य आहे, मग त्यांचे कारण काहीही असो. ‘हद्दपार’ लिहिल्यास मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पोलिसांनी जिल्ह्याबाहेर घालवलेला गुंड उभा राहील, आणि त्या बाईंवर तो अन्याय होईल.

कल्याणकर :
तत्सम यांची व्युत्पत्ती बिनचूक असेल, परंतु शब्द माणसांच्या तोंडी कसा वाढला हेही पाहावे लागते. माझे बालपण कल्याण-उल्हासनगर परिसरात गेले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांना लष्कराच्या रिकाम्या छावणीत ठेवण्यात आले, १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि आजही तेथील पत्त्यांत ‘कॅम्प’ आणि त्याचा क्रमांक येतो. (कँप ओद्दो हीदेखील मुळात लष्करी छावणीच होती, १९२२ ते १९२७ या काळात तिच्यात आर्मेनियन कुटुंबे राहत होती.) आमच्या वर्गातल्या सिंधी मुलांचा जन्म येथेच झाला होता, त्यांच्या वडिलांची बाजारात दुकाने होती, तरीही मोठी माणसे त्यांना सहज ‘निर्वासित’ म्हणत आणि त्या मुलांना ते लागत असे. बाहेर कोणी काढले हा अर्थ आमच्यापैकी कोणाच्याही मनात नसे. ‘आपल्याकडे येऊन राहिलेले लोक’ एवढाच अर्थ उरला होता. त्याच काळात अनेकांनी ‘शरणार्थी’ नाकारून स्वतःसाठी ‘पुरुषार्थी’ हा शब्द घेतला, तो उगाच नव्हे.

म्हणून माझा प्रश्न असा की, ही आजी निर्वासित होती ती कोणत्या वर्षापर्यंत? तिची नातही निर्वासितच का?

धातुकोश :
‘आक्सोर’ बद्दल थोडे सांगतो, कारण हा शब्द फार बोलका आहे. आर्मेनियन भाषेने तो ग्रीक ‘एक्सोरिया’ वरून घेतला. त्यात ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘होरोस’ म्हणजे सीमा. मराठीत त्याचे तंतोतंत रूप आपल्याकडे तयार आहे आणि ते ‘हद्दपार’ हेच आहे. तत्सम यांना त्यात गुंड दिसतो, परंतु टिळकांच्या मंडालेच्या शिक्षेलाही आपण हद्दपारीच म्हणतो, तेव्हा हा शब्द इतका हलका नाही.

ज्या राजवटीने हे केले तिने कोणते शब्द वापरले तेही पाहण्यासारखे आहे. २७ मे १९१५ चा ऑटोमन कायदा पुढे ‘तेहजीर’ या नावाने ओळखला गेला. आपल्या परिचयाचे ‘हिजरी’ आणि ‘मुहाजिर’ हे शब्द त्याच अरबी धातूचे. पण सरकारी भाषेत त्याला ‘पाठवणी आणि वसवणूक’ असे म्हटले जाई, आणि कायद्याच्या मजकुरात आर्मेनियनांचे नावही नव्हते. ज्या माणसांना अन्नपाण्यावाचून वाळवंटात नेऊन मारले त्यांच्यासाठी ‘वसवणूक’ हा शब्द!

लेखात आजीचे माहेरचे आडनाव काय आहे? आर्मेनियन आडनावांतला ‘यान’ हा प्रत्यय ‘अमक्याच्या घरचा’ असे सांगतो, आणि त्याआधी पुष्कळदा धंदा असतो. नालबंदियान म्हणजे नाल ठोकणाऱ्याच्या घरचे. आपल्याकडील नालबंद तेच. तेर्झियान म्हणजे शिंप्याच्या घरचे, ज्यात आपला ‘दर्जी’ लपलेला आहे. फारसीची ही शिदोरी दोन्ही भाषांनी उचलली आहे. हजार या संख्येला आर्मेनियनमध्येही ‘हझार’च म्हणतात.

फोर्टवासी :
आर्मेनियन लोक मुंबईला नवे नाहीत, हेही येथे नोंदवावेसे वाटते. फोर्टमध्ये त्यांचे सेंट पीटर्स चर्च आहे आणि त्याची स्थापना १७९६ ची आहे. सुरतेत त्यांची जुनी दफनभूमी आहे. तेव्हा आपल्या जुन्या कागदांतच त्यांच्यासाठी एखादा शब्द सापडू शकेल.

तत्सम :
ते व्यापारी होते, त्यांचा आणि १९१५ चा संबंध जोडू नये. आणि नालबंदांची चर्चा कितीही रंजक असली तरी विचारलेला प्रश्न तो नव्हे.

जुनी पाने :
संबंध अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. भारतात आलेले बरेचसे आर्मेनियन व्यापारी इस्फहानजवळच्या नव्या जुल्फाचे होते, आणि नवे जुल्फा वसले तेच मुळी शाह अब्बासने १६०४-०५ च्या सुमारास आरस नदीकाठच्या जुन्या जुल्फातील माणसे उठवून इराणमध्ये नेली म्हणून. त्या नातवंडांना आपण ‘व्यापारी’ म्हणतो आणि या नातीला ‘निर्वासित’. कल्याणकरांचा प्रश्न येथेही लागू पडतो.

अनुवादिका :
सर्वांचे आभार. आडनाव मी येथे देऊ शकत नाही, कारण ते कुटुंब हयात आहे. ते धंद्यावरूनच आले आहे, एवढे सांगते.

आपली चर्चा वाचताना माझ्या लक्षात आले की, खरी अडचण नामात नसून क्रियापदात आहे. ‘परागंदा होणे’ म्हटले की करणारा दिसेनासा होतो. ‘हद्दपार करणे’ म्हटले की कोणी केले हे सांगावे लागते. याच लेखातले दुसरे उदाहरण देते. आजीच्या हनुवटीवर आणि ओठांखाली निळ्या रेघा होत्या. वाळवंटातील घरांत ठेवल्या गेलेल्या अनेक आर्मेनियन मुलींच्या चेहऱ्यावर अशा खुणा केल्या जात. अलेप्पोच्या आश्रयगृहात येणाऱ्या प्रत्येकाची नोंदवहीत छायाचित्रासह नोंद होई : नाव, गाव, आईबापांची नावे आणि थोडक्यात हकीकत. नातीच्या कुटुंबाकडे त्या पानाची प्रत आहे आणि छायाचित्रात त्या रेघा स्पष्ट दिसतात. मार्सेयला आल्यावर आजी परक्या माणसांसमोर पदरासारखा रुमाल हनुवटीपर्यंत ओढून घेई, कारण आपल्याच लोकांच्या नजरा तिला सहन होत नसत.

आता याला मराठीत ‘गोंदण’ म्हणावे का? आपल्याकडे गोंदण हा दागिना आहे. मेल्यावर बाईबरोबर तेवढेच जाते असे जुन्या बायका मानत. आणि आपण सवयीने लिहितो ‘तिने गोंदवून घेतले’. माझ्या पहिल्या मसुद्यात हेच वाक्य होते. आता ते ‘तिला गोंदले’ असे केले आहे. ‘तिचे चेहऱ्यावर गोंदण झाले’ हेही मला चालणार नाही.

तत्सम :
क्रियापदाबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे. पण मग ‘निर्वासित केले’ असे लिहा. मराठीत ते पूर्णपणे शुद्ध आहे.

कल्याणकर :
शुद्ध असेल, परंतु असे कोणी बोलत नाही आणि आजी तर बोलतच होती. ‘आम्हाला गावातून काढले’ एवढे साधे वाक्य का नको? ज्या ठिकाणी नातीने ‘आक्सोर’ ठेवला आहे तेथे अनुवादातही तोच ठेवावा आणि पहिल्या वेळी ‘आक्सोरची, म्हणजे हद्दपारीची वाट’ असे लिहावे. ‘काघ्तागान’साठी मात्र मला अजूनही ‘परागंदा’ पटत नाही, कारण मार्सेयमध्ये तिने शिवणकाम केले, भाड्याची खोली घेतली, मुले वाढवली.

जुनी पाने :
परागंदा माणूस दुसऱ्या गावी जाऊन शेत कसत नसे असे आपल्याला वाटते काय? तो तेथे ‘उपरी’ म्हणून राही, कित्येकदा पिढ्यान्‌पिढ्या. आपल्याला हवा असलेला शब्द कदाचित हाच असेल.

तत्सम :
‘उपरी’ म्हणजे गावात वतन नसलेला शेतकरी. फ्रान्समध्ये शिवणकाम करणाऱ्या बाईला हा शब्द लावल्यास वाचकाला टीप द्यावी लागेल, आणि दिवाळी अंकाचे संपादक टीप ठेवणार नाहीत.

धातुकोश :
‘उपरा’ हा शब्द तर आजही चालतो, त्याला टीप कशाला? आणि कोल्हापूरकडील कोणी येथे असल्यास, नालबंद हे आडनाव तिकडे कोणत्या घरांत आहे आणि त्यांच्याकडे घोड्यांचे काम केव्हापर्यंत चालू होते, ते कृपया कळवावे.