खानापूरच्या पावसात माँपेलिए मॅपल तगेल का?

प्रश्न (खानापूर): नमस्कार. माँपेलिए मॅपलचे बी दोन महिन्यांपूर्वी कुंडीत पेरले, परंतु एकही कोंब आलेला नाही. हे झाड भूमध्य प्रदेशातील कोरड्या, चुनखडीच्या डोंगरउतारांवरचे. आमच्याकडे जांभ्याची जमीन आणि जूनपासून पावसाची झोड. येथे ते तगेल का?

उत्तर (बेळगाव): काका, हे बी थंडी मिळाल्याशिवाय सहसा उगवत नाही, म्हणून ते ओलसर वाळूत मिसळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुमारे ३ महिने ठेवावे. त्याआधी काही बिया फोडून पाहा, कारण या जातीत पोकळ बिया पुष्कळ निघतात.

उत्तर (जांबोटी): पावसापेक्षा मुळाशी साचणारे पाणी रोपाला अधिक मारते, तेव्हा मातीत खडी आणि थोडी चुनखडी मिसळावी व पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्यावी. मला खरी चिंता वाटते ती हिवाळ्याची, कारण पानगळीच्या या झाडाला लागणारी दीर्घ थंडी आपल्याकडे पडत नाही. सौम्य हिवाळ्यात पाने टिकवून धरणारा क्रीटचा मॅपल मला येथे अधिक योग्य वाटतो.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. चार बिया फोडल्या. तीन पोकळ निघाल्या, एकीत भरीव गर होता. उरलेल्या आजच वाळूत घातल्या आहेत.