पाण्यात वाढवलेली घरातली झाडे : आपापले अनुभव लिहावेत

मुळाक्षर :
काल पुस्तकांचे कपाट सरकवताना मागच्या कोपऱ्यात काचेची एक रिकामी बाटली सापडली. आतून साधारण अर्ध्या उंचीवर क्षारांची पांढरी रेघ उमटलेली होती आणि ती पाहताच वडिलांच्या लिहिण्याच्या टेबलावरचा मनीप्लांट डोळ्यांसमोर उभा राहिला. वडिलांनी त्या बाटलीतले पाणी पूर्ण ओतून टाकल्याचे मला आठवत नाही. पातळी खाली गेली की ते पाण्याच्या तांब्यातून वरचेवर भर घालत, एवढीच त्यांची बागकामाची व्याख्या होती. झाड अकरा वर्षे जगले, परंतु त्याला चारांवर पाने कधीच राहिली नाहीत. पाचवे उमलू लागले की सर्वांत खालचे पिवळे पडून गळत असे, आणि आम्ही भावंडे पुढचे पान केव्हा गळणार यावर पैजा लावत असू. आता त्याच बाटलीत पुन्हा काही लावावे असे मनात आहे. ज्यांनी मातीशिवाय केवळ पाण्यावर झाडे सांभाळली आहेत, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. फसलेलेही अवश्य लिहावेत.

अर्धवट माळी :
फसलेल्यापासूनच सुरुवात करतो. मनीप्लांटचे एक देखणे पान देठासकट तोडून मी पाण्यात ठेवले. ते तीन-चार महिने हिरवेगार राहिले, देठाला बारीक मुळेही फुटली, त्यामुळे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने दाखवत असे. पण नवे पान म्हणून काही आले नाही ते नाहीच. पुढे मामींनी ते पाहिले आणि हसू आवरत विचारले, ‘‘अरे, पेर कुठे आहे?’’ पान जिथून निघते त्या पेरावरच नवा कोंब येणारा डोळा असतो, आणि हवेत लोंबणारे तपकिरी खुंटासारखे मूळही तिथेच असते. पेराच्या खाली बोटभर अंतर ठेवून कापावे, निदान एक पेर पाण्यात बुडेल असे पाहावे आणि पाण्यात जाणारी पाने आधीच काढून टाकावीत, कारण तीच सर्वप्रथम कुजतात. असे केल्यावर मला दोन आठवड्यांत मुळे मिळाली. जुने पान मात्र मामी घरी आल्या की मी अजूनही लपवतो.

निवांत :
माझा अनुभव एका वाक्याचा आहे : मी पाणी घालायला विसरतो, झाड जगायला विसरत नाही.

तळमजला :
निवांत यांचा हेवा वाटला, कारण माझे झाड अतिकाळजीने गेले. बाटली रिकामी दिसू नये म्हणून मी ती रोज गळ्यापर्यंत भरत असे, आणि ऐन उन्हाळ्यात पाण्याला उग्र वास येऊन मुळे काळी, बुळबुळीत झाली. मुळांनाही श्वास लागतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळून राहतो, तर ३० अंशाला तो साधारण साडेसातवर येतो. शिवाय उष्णतेने मुळांची गरज आणि कुजवणाऱ्या जिवाणूंची भूक या दोन्ही वाढतात. तेव्हापासून मी मुळांचा वरचा तृतीयांश भाग पाण्याबाहेर ठेवतो, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी आणि एरवी आठवड्याने सगळे पाणी बदलतो. मूळ पांढरे आणि टणक असेल तर हात लावत नाही. दाबल्यावर लिबलिबीत लागले तर निरोगी भागापर्यंत कापून टाकतो. आपल्या वडिलांची बाटली अर्ध्यावरच राहत होती, हे त्या पांढऱ्या रेघेवरून दिसते. झाड अकरा वर्षे टिकण्यात त्या रेघेचा वाटा असावा.

जुनी वही :
लकी बांबूबद्दल लिहिते. तो बांबू नाहीच. आफ्रिकेत उगवणाऱ्या ड्रॅसिना कुळातले ते झाड आहे. माझ्याकडे त्याच्या पानांची टोके सतत करपत असत. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरावे असे सगळे सांगतात आणि साध्या क्लोरीनसाठी ते बरोबरही आहे, परंतु फ्लोराइड असे ठेवल्याने उडून जात नाही आणि ड्रॅसिनांना तेच बाधते. पावसाचे पाणी साठवून वापरू लागल्यावर नवी पाने स्वच्छ आली. करपलेली टोके अर्थातच तशीच राहिली. आणखी एक गोष्ट : एखादी कांडी पिवळी पडू लागली तर ती पुन्हा हिरवी होत नाही. मी माया करत बसले आणि तिच्याबरोबर शेजारच्या दोन कांड्याही गमावल्या.

प्रयोगवही :
मुळाक्षर, आपल्या चार पानांचे कोडे सुटण्यासारखे आहे. नुसत्या पाण्यात नत्र जवळजवळ नसते. झाडाला नवे पान काढायचे असेल तर ते सर्वांत जुन्या पानातले नत्र शोषून वर पाठवते आणि जुने पान पिवळे होऊन गळते. म्हणजे आपण पैज लावत होतात ती त्या झाडाच्या काटकसरीवर. जॉन वुडवर्ड या इंग्रज निसर्गाभ्यासकाने १६९९ मध्ये पुदिन्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यातही स्वच्छ पाण्यातल्या रोपांपेक्षा बागेतली माती मिसळलेल्या पाण्यातली रोपे कितीतरी जोमाने वाढलेली आढळली होती. पाण्यात नेमके कोणते क्षार घातले म्हणजे मातीची गरज उरत नाही, हे १८६० च्या सुमारास झाक्स आणि क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आपल्याला एवढे खोलात जायला नको. पूर्णपणे विरघळणारे खत पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाईने महिन्यातून एकदा, पाणी बदलतानाच घालावे. शेणखत किंवा पेंड बाटलीत घालू नये. ती सडते आणि मुळांना सोबत घेऊन जाते.

अर्धवट माळी :
खत घातल्यावर माझी बाटली आतून हिरवीगार झाली, झाड मात्र होते तसेच. हा काय प्रकार आहे?

प्रयोगवही :
ते शेवाळ आहे. त्याला खत आणि उजेड दोन्ही मिळाले की झाडाच्या आधी तेच जेवते. बाटलीला तपकिरी कागद गुंडाळा किंवा गडद काचेची बाटली घ्या. उजेडाची गरज पानांना आहे, मुळांना नाही.

ओटीवरची खुर्ची :
या सगळ्यात डासांचा विषय कसा आला नाही, याचे नवल वाटले. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या भांड्यांतही अंडी घालतो, आणि ती पाण्यात नव्हे तर पातळीच्या किंचित वर भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवतो. ही अंडी कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही, बाटली आतून ब्रशने घासावी लागते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे आठवड्याचा नेम चुकवू नये. मी बाटलीच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळाही बसवते.

शांत कोपरा :
स्नेक प्लांट ज्यांना लावायचा आहे त्यांच्यासाठी. पिवळ्या काठाचे पान कापून, कापलेली बाजू एक दिवस सुकू देऊन मी पाण्यात उभे केले. मुळे यायला दोन महिने लागले आणि नंतर जी पिल्ले आली ती संपूर्ण हिरवी, पिवळ्या काठाचा मागमूस नसलेली. पानापासून केलेल्या रोपात तो काठ उतरत नाही. तो हवा असेल तर गड्डा विभागूनच लावावा लागतो, हे मला उशिरा कळले. पिल्ले गुणी आहेत, तक्रार नाही. पुढे त्यांतले एक मातीत लावले तेव्हा ते पंधरा दिवस मलूल राहिले, कारण पाण्यात वाढलेली मुळे ठिसूळ असतात आणि मातीत त्यांना नव्याने जम बसवावा लागतो. ज्यांना शेवटी कुंडीतच न्यायचे आहे त्यांनी मुळे दोन-तीन इंच होताच न्यावे, फार वाट पाहू नये.

निवांत :
माझी मांजर मनीप्लांटची पाने चावते. यावर कुणाचा अनुभव आहे का?

जुनी वही :
बाटली ताबडतोब तिच्या आवाक्याबाहेर ठेवा. त्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने तिच्या तोंडाची आग होते आणि लाळ गळते. तसे दिसले तर पशुवैद्यांना विचारावे. त्या जागी स्पायडर प्लांट ठेवला तर चालेल. तो विषारी नाही, आणि त्याची लोंबणारी पिल्ले पाण्यात चार दिवसांत मुळे धरतात. मांजर ती पिल्लेही चावेल, हे मात्र गृहीत धरा.

मुळाक्षर :
सर्वांचे मनापासून आभार. बहिणीला फोन करून चार पानांचे कारण सांगितले. ती म्हणाली, तिने जिंकलेल्या पैजा तरीही कायम राहतील. मनीप्लांटची दोन पेरांची फांदी आज बाटलीत लावली आहे. क्षारांची रेघ मुद्दाम काढली नाही, पाणी कुठवर भरायचे ते त्यावरून समजते.

ओटीवरची खुर्ची :
रेघ खुशाल ठेवा, पण ब्रश तिच्यावरूनही फिरवा. अंडी नेमकी तिथेच असतात.