गावरानच लावा म्हणणाऱ्यांनी आधी पावसाळ्यात भेंडी टिकवून दाखवावी

गंगापूररोड_गच्ची
काल इथे, आपल्या नाशिकच्या बागवाल्यांच्या चर्चेत, एका ताईंनी लिहिलं की घरच्या बागेत हायब्रीड लावणं म्हणजे बाजारातला पाणचट टोमॅटोच कुंडीत आणणं, बी लावायचं तर फक्त गावरान, कृषी विद्यापीठानं काढलेलं वाण पण नको. खाली सगळ्यांनी हात जोडले. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

मी दोन वर्षं गावरानच लावलं. बी मामांकडचं, सिन्नरचं. जूनमध्ये 14 कुंड्यांत भेंडी टाकली, कंबरेएवढी झाली आणि मग एकेक पान पिवळं जाळीदार पडत गेलं, केवडा रोग, गच्चीभर पांढरी माशी. दोन तोडे मिळाले ते पण पिवळट, चिवट, शिजता शिजेनात. टोमॅटोची पानं वळली, शेंड्याचा गुच्छ झाला, 11 रोपांत किलोभर फळ नाही. आई रोज सकाळी विचारायची आज काय निघालं, आणि मी रिकामी पाटी घेऊन खाली यायचो. तिसऱ्या वर्षी अर्का रक्षक टोमॅटो लावला, बंगळूरच्या बागवानी संस्थेचा, पर्णगुच्छ, जिवाणूची मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांपुढे टिकणारा. हो, हायब्रीड आहे. सहा रोपांवर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत चार माणसांचं घर चाललं. झाडावर लाल होऊ दिला तर चवीला चांगलाच लागतो. बाजारातला पाणचट लागतो कारण तो कच्चा तोडलेला असतो आणि आपण आणून फ्रिजमध्ये कोंबतो.

आणि गावरान टोमॅटो म्हणजे नक्की काय? टोमॅटो, मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेल्या, पोर्तुगीजांच्या काळात.

बियाण्याची_डबी
काल लिहिणारी ताई मीच. दादा, राग आला असेल तर येऊ दे, पण रोगाला टिकणारं म्हणजे हायब्रीडच हे कोणी सांगितलं तुम्हाला? परभणी क्रांती भेंडी सरळ वाण आहे, केवड्याला दाद देत नाही म्हणूनच नावाजलं, अर्का अनामिका पण सरळच. बी धरा, पुढच्या वर्षी तेच उगवतं. तुमच्या रक्षकाचं बी धरून बघा, दहा रोपं दहा तऱ्हांची येतील आणि दरवर्षी पाकीट विकत घ्यायला दुकानात जावं लागेल. मला त्याचाच त्रास होतो. माझ्या सासूबाईंच्या डबीतला वाल घेवडा मी 19 वर्षं लावतेय, एकदाही बी विकत आणलेलं नाही, आणि त्याच्या शेंगांच्या भाजीला जो वास येतो तो पाकिटातल्या घेवड्याला येऊच शकत नाही. आपल्या शेजारी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 ची पद्मश्री मिळाली ती गावरान बी जपलं म्हणूनच ना?

गंगापूररोड_गच्ची
राहीबाईंबद्दल आदरच आहे, त्यांना मध्ये आणू नका. पण ताई, परभणी क्रांती गावरान कधीपासून झाली? ते विद्यापीठानं काढलेलं वाण आहे. काल विद्यापीठाचं नको होतं, आज त्याचंच नाव पुढे?

दिंडोरीचा_मळा
शहरातले लोक टोमॅटोला पाणचट म्हणतात तेव्हा फार लागतं हो. जाड सालीचं वाण आम्ही हौसेनं लावत नाही. माल पिंपळगावच्या मार्केटला जातो, तिथून ट्रकनं दूरदूर. पातळ सालीचा पुसा रुबी भरला तर वाटेतच रस गळायला लागेल. 20 किलोच्या कॅरेटला तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही तेव्हा माल बांधावर ओतून घरी आलोय मी, त्या दिवशी कोणी चव विचारायला आलं नव्हतं. तुमच्या कुंडीला ना ट्रक ना व्यापारी, मग आमचंच वाण कशाला लावता? पुसा रुबी लावा, चपटा, आंबटसर, आमटीला एक नंबर. सरळ वाण आहे, बी पण धरता येतं. ऑक्टोबरात रोप लावा. मे महिन्यात 40 च्या उन्हात फुलं गळणारच, तेव्हा बियाण्याला शिव्या देऊ नका.

सिडको_खानदेशी
टोमॅटो भेंडीवर एवढं चाललंय आणि वांग्याचं कोणी बोलत नाही. नाशकात भरताचं वांगं मिळतच नाही, इथले लोक जांभळं वांगं भाजतात आणि त्याला भरीत म्हणतात. भरीत म्हणजे जळगावचं हिरवट पांढरं मोठं वांगं, बिया कमी, गर लोण्यासारखा, 2016 ला त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय. दरवर्षी जळगावजवळच्या असोद्याहून रोपं आणून गच्चीवर लावतो मी.

पंचवटीकर
इथले लोक म्हणजे कोण? आमच्या घरी चार पिढ्या जांभळ्या वांग्याचं भरीत होतं, चुलीतल्या निखाऱ्यावर. आणि भरल्या वांग्याला तुमचं ते हिरवं चालतं का? तिथे मांजरी गोटाच पाहिजे, काटेरी, पांढऱ्या रेघांचा. घरच्या बागेत जागा दोन कुंड्यांची, त्यात वर्षातून चारदा होणाऱ्या भरतासाठी कोण झाड अडवून ठेवेल?

सिडको_खानदेशी
चारदा? आमच्याकडे डिसेंबर जानेवारीत दर रविवारी असतं. वडील असेपर्यंत गावी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जायची, लाकडी बडगीत हिरवी मिरची लसणासोबत ठेचली जायची आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. वडील गेले त्या वर्षी इथे बाजारातलं जांभळं वांगं आणून केलं, आई एक घास खाऊन उठली. तेव्हापासून दोन ड्रम त्याच वांग्याला दिलेत. तुम्ही जागेचा हिशोब मांडता, मला तो मांडायचाच नाही.

पंचवटीकर
आईंचं वाचून वाईट वाटलं. तरी जांभळ्याला भरीत म्हणायचंच नाही हे मी ऐकून घेणार नाही.

इंदिरानगरची_आजी
भांडू नका रे. डबीवाल्या ताई, वाल घेवड्याचं तुमचं खरं आहे, पण वेलांचं बी घरी धरताना जपा. दोन वर्षांपूर्वी मी घरच्या दुधीचं बी धरलं, मधमाशा कुठून कुठून फिरून येतात, कशाशी संकर झाला देव जाणे, पुढच्या वर्षी दुधी कडूजार. नातवाच्या पानात वाढणार होते, सवयीनं कच्ची फोड जिभेला लावली म्हणून वाचलो. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत, चव बघितल्याशिवाय शिजवू नका. आणि दोडक्याला फळ धरत नाही म्हणून वाण बदलत बसू नका, त्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा गच्चीवर जाऊन नर फूल मादी फुलाला लावा.

बियाण्याची_डबी
आजी, दुधीचं मानलं. आता मादी फुलावर आदल्या दिवशी पिशवी बांधून, हातानं परागीकरण केलेल्या फळाचंच बी धरेन. पण टोमॅटो घेवड्याला हे लागू नाही, ते बहुतेक आपल्याच परागावर फळतात, तिथे मी मागे हटणार नाही.

गंगापूररोड_गच्ची
मागे हटा असं कोण म्हणतंय? ‘फक्त गावरानच’ हे तेवढं काढून टाका, नवीन माणूस तुमचं वाचून जूनमध्ये कुठलंही बी टाकतो, केवडा येतो आणि तो कुंड्या विकून मोकळा होतो. माझ्याच मजल्यावर दोघांनी सोडलं. भेंडीचं तुमचं ऐकतो, येत्या पावसाळ्यात परभणी क्रांती सहा कुंड्यांत लावेन. पण टोमॅटोत रक्षकच राहणार, आईला रिकामी पाटी परत दाखवायची नाही मला.

बियाण्याची_डबी
रक्षकाशेजारी दोन रोपं पुसा रुबीची लावा आणि कोणती आमटी आवडली ते आईंनाच सांगू दे.

पंचवटीकर
खानदेशी भाऊ, तुमच्या त्या वांग्याचं बी मिळेल का? एक झाड लावून बघतो. मत बदललंय असं नाही.

सिडको_खानदेशी
मिळेल. दोन फळं बियाण्यासाठी झाडावरच ठेवलीत, अजून पुरती पिवळी पडायची आहेत. पंधरा दिवसांनी रविवारी या, जेवायलाच या.