अनुभव धागा: सँट्रोपासून तळेगावच्या व्हेन्यूपर्यंत, तुमची ह्युंदाई कशी निघाली?

तळेगाव दाभाड्याच्या कारखान्यातून २०२५ मध्ये व्हेन्यू बाहेर पडू लागली आणि ह्युंदाई ही आपल्या दारातली कंपनी झाली. सप्टेंबर १९९८ मध्ये सँट्रो आली तेव्हा ह्युंदाई या नावाचा उच्चार नेमका कसा करायचा, हेही आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नव्हते. त्यानंतरची बहुतेक वर्षे ही कंपनी भारतात मारुतीच्या खालोखाल गाड्या विकत आली. या गाड्या ज्यांनी स्वतःच्या पैशाने घेतल्या आणि वर्षानुवर्षे चालवल्या, त्यांचे म्हणणे एका ठिकाणी नोंदले जावे, म्हणून हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. कोरियन उद्योजक चुंग जू-युंग यांनी १९६७ मध्ये कंपनी स्थापन केली आणि सुरुवातीला ती फोर्डची कॉर्टिना जोडून देत असे. स्वतःची म्हणावी अशी पहिली गाडी, पोनी, १९७५ च्या अखेरीस दक्षिण कोरियातल्या उल्सानला तयार होऊ लागली. तिचे आरेखन इटलीच्या जॉर्जेतो ज्युजारो यांचे होते, इंजिनाचे तंत्र मित्सुबिशीचे होते आणि उभारणीचे काम पाहायला जॉर्ज टर्नबुल हे ब्रिटिश अभियंते आणले होते. म्हणजे जे येत नव्हते ते येणाऱ्याकडून शिकण्यात या मंडळींनी कमीपणा मानला नाही. १९८६ मध्ये कंपनीची एक्सेल ही गाडी अमेरिकेत गेली आणि पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांहून अधिक विकली गेली. परंतु स्वस्ताईच्या जोरावर मिळालेले हे नाव टिकाऊपणाच्या तक्रारींमुळे लवकरच खाली आले. त्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने तेथे इंजिन व गिअरबॉक्ससाठी १० वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी दिली. माझ्या मते कंपनीच्या वाढीतला खरा वळणाचा टप्पा हाच आहे, कारण अशी हमी एकदा दिली की कारखान्यातली प्रत्येक चूक दहा वर्षे स्वतःच्या खिशातून निस्तरावी लागते.

भारतात मे १९९६ मध्ये कंपनी नोंदली गेली आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे कारखाना उभा राहिला. पुढची गोष्ट आपण सर्वांनी सांगायची आहे. गाडी कोणती, कोणत्या वर्षीची, किती चालली, आणि ती कोणत्या कामी आली, हे लिहावे. ऐकीव माहिती नको. तक्रार असेल तर जरूर मांडावी, मात्र विक्रेत्याचे किंवा व्यक्तीचे नाव लिहू नये.

सातारा. सँट्रो, १९९९. सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटर.

आमचे अण्णा निवृत्त झाले त्या वर्षी ही गाडी घेतली. त्या काळात घरी येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, की कोरियाची कंपनी आहे, उद्या गाशा गुंडाळून गेली तर सुटे भाग कोठून आणणार? ही भीती निराधार नव्हती. १९९७ चे आशियाई चलनसंकट ताजे होते, आणि सिएलो व मॅटिझ विकणारा कोरियाचाच देवू उद्योगसमूह त्याच १९९९ साली कर्जाखाली कोलमडला. ह्युंदाईने मात्र त्याच सुमारास किया ही दुसरी कोरियन मोटार कंपनी विकत घेतली होती, ही बातमी अण्णांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती आणि शंका घेणाऱ्या प्रत्येकाला ते ती दाखवीत.

गाडी निवडण्याचे खरे कारण अण्णांचे गुडघे होते. माझ्या काकांच्या ठेंगण्या गाडीत बसताना ते एक हात टपावर आणि दुसरा मांडीवर टेकवून, पाठ आधी आत घालून, मग पाय हातांनी उचलून आत घेत. सँट्रोच्या उंच दारातून ते घरच्या खुर्चीवर बसावे तसे, डोक्यावरची टोपीही न काढता, सरळ बसले. विक्रेत्याकडचा मुलगा इंजिनाबद्दल सांगत होता, तिकडे त्यांचे लक्षच नव्हते. त्यांनी दोनदा उतरून पुन्हा बसून पाहिले आणि “हीच” एवढेच म्हणाले. रस्त्यावर लोक तिच्या उंच, गोलसर रूपाला नावे ठेवीत असत, पण त्या रूपामुळेच एका म्हाताऱ्या माणसाला कोणाच्या आधाराशिवाय घराबाहेर पडता आले. शेवटपर्यंत पंढरपूर, जेजुरी, लेकीचे सासर, सगळीकडे ते याच गाडीतून गेले. २०१६ मध्ये गाडी दिली तेव्हा पुढच्या डाव्या दारावरचा धरायचा कडा त्यांच्या तळहाताने झिजून गुळगुळीत झालेला होता.

इचलकरंजी. स्वतःचे गॅरेज, ३० वर्षे.

मी मालक म्हणून नव्हे, दुरुस्ती करणारा म्हणून लिहीत आहे. आमची पिढी कार्बोरेटरवर शिकली. जेट काढून फुंकर मारायची, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा आणि कान देऊन आयडलिंग लावायचे, हे आमचे शिक्षण होते. सँट्रोचे इंजिन पहिल्यापासून एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमावर इंधन फवारणारे, असल्यामुळे तेथे फिरवायला स्क्रूच नव्हता. पहिली गाडी आली तेव्हा मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले की मला शिकावे लागेल, आणि पुढे कर्ज काढून स्कॅनर घेतला. शहरातले जे मिस्त्री त्या वेळी शिकले नाहीत, त्यांच्याकडे पुढच्या दहा वर्षांत कामच उरले नाही.

जुनी सँट्रो घेणाऱ्यांना एक कळकळीची सूचना आहे. या इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करावेत म्हणून टायमिंग बेल्ट आहे, साखळी नाही. आधीच्या मालकाने बेल्ट केव्हा बदलला याचे बिल नसेल, तर गाडी ताब्यात घेतल्याबरोबर तो टेन्शनरसह, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या भागासह, बदलून घ्यावा. बेल्टला काही शे रुपये लागतात म्हणून टाळाटाळ करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि चालत्या गाडीत बेल्ट तुटल्यावर हेड उघडून वाकलेले व्हॉल्व्ह काढण्याचे कामही मी केले आहे. बाकी सस्पेन्शनचे बुश, शॉकअप आणि क्लच प्लेट हा खराब रस्त्यांचा खर्च असून तो कोणत्याही कंपनीच्या गाडीला येतो. सुटे भाग आज तालुक्याच्या गावीही मिळतात, ही गोष्ट माझ्या दृष्टीने जाहिरातींपेक्षा मोठी आहे.

नाशिक. आय-टेन, २०१०, आता एक्स्टर, २०२४.

वयाच्या ४१ व्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले, ती आय-टेनवर. तिचा गिअरचा दांडा खाली मधोमध नसून डॅशबोर्डलाच जोडलेला असल्यामुळे स्टिअरिंगवरचा हात फारसा खाली न्यावा लागत नसे, आणि शिकणाऱ्या माणसाला त्याचा केवढा आधार वाटतो हे शिकणाऱ्यालाच कळेल. गंगापूर रोडवर मुलांना शाळेत सोडणे, आईला दवाखान्यात नेणे, सगळे मी एकटीने करू लागले. गाडीने मला कधी रस्त्यात थांबवले नाही.

तरीही या धाग्यावर लिहिण्याचे कारण वेगळे आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक-चाचणी घेतल्याची बातमी आली. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि त्यांत आय-टेन होती. चाचणी एअरबॅग नसलेल्या प्रकाराची होती. माझाही प्रकार तोच होता. गाडी घेताना आम्ही एअरबॅगचा प्रकार पाहिला होता, पण तो न घेता वाचलेल्या पैशांत सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि मॅटिंग करून घेतले होते. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मागच्या सीटवर दोन मुलांना बसवून मी रोज तीच गाडी चालवत होते.

कंपनीने ते प्रकार विकायला नको होते, हे माझे ठाम मत आहे. आणि आम्ही ते घ्यायला नको होते, हेही तितकेच खरे आहे. ऑक्टोबर २०२३ पासून ह्युंदाईने भारतातल्या आपल्या सर्व गाड्यांच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग देणे सुरू केले, आणि त्याच महिन्यात नव्या वेर्नाला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. त्यानंतरच मी पुन्हा याच कंपनीकडे गेले. एक्स्टर घेताना सनरूफ आणि टचस्क्रीनबद्दल खूप सांगितले गेले, पण मी आधी मागच्या सीटवरचे तिन्ही सीटबेल्ट ओढून पाहिले.

(धागाकर्ता: ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. जुन्या गाड्या अजून वापरणाऱ्यांनी आपला प्रकार एअरबॅग असलेला आहे की नाही, हे आजच तपासावे आणि मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला सांगावे.)

लातूर. क्रेटा डिझेल १.६, २०१६. २ लाख १० हजार किलोमीटर.

माझे बांधकामाचे काम आहे आणि साइट कधी उदगीरला, कधी अहमदपूरला, कधी थेट नांदेडला असते. क्रेटा जुलै २०१५ मध्ये आली आणि आमच्या भागात ती एका वर्षात डॉक्टर, ठेकेदार, सोसायटीचे चेअरमन अशा सगळ्यांच्या दारात दिसू लागली. १.६ डिझेल इंजिनाची ओढ अशी आहे की उसाच्या ट्रॉलीला मागे टाकताना गिअर उतरवावा लागत नाही. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल सोडले, ह्युंदाईने १.५ लिटरचे डिझेल ठेवले, आणि मराठवाड्यातल्या लांब पल्ल्याच्या गिऱ्हाइकाला ते पटले.

माझी तक्रार गाडीविषयी नसून विक्रीच्या पद्धतीविषयी आहे. आमच्या विभागातल्या एका विक्रेत्याने गाडी लवकर हवी असेल तर अ‍ॅक्सेसरीज आणि विमा त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल असे सांगितले. गरज होती म्हणून मी ते मान्य केले, पुढच्या वर्षी मात्र विमा बाहेरून उतरवला आणि हप्ता बराच कमी पडला. विमा कोठून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे. नव्या खरेदीदारांनी दरपत्रकातली प्रत्येक ओळ वाचून मगच बुकिंगची रक्कम भरावी.

न्यू जर्सी. एलान्ट्रा, जुनी घेतलेली.

वर उल्लेखलेल्या दहा वर्षांच्या हमीबद्दल एक दुरुस्ती. ती पूर्ण मुदत पहिल्या मालकासाठी असते. आमच्यासारख्या दुसऱ्या मालकाला इंजिन व गिअरबॉक्सची हमी ५ वर्षे किंवा ६० हजार मैलांचीच मिळते. इकडे नव्याने आलेली आपली मुले जुनी गाडी घेताना हे लक्षात घेत नाहीत.

वडगाव मावळ. व्हेन्यू नाही, जुनी स्पार्क.

माझ्याकडे ह्युंदाई नाही, पण तळेगावचा उल्लेख झाला म्हणून लिहीत आहे. हा कारखाना जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केला. २०१७ च्या अखेरीस त्यांनी भारतातली विक्री थांबवली, पुढे काही काळ निर्यात चालू राहिली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. तेथील कामगारांसाठी आमची खाणावळ तीन पाळ्यांत चालत असे. नंतर ती एका वेळेवर आली आणि अर्धी टेबले आम्ही भिंतीला उभी करून ठेवली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला, तेव्हापासून रस्त्याने यंत्रसामग्रीचे ट्रेलर जाऊ लागले.

साताऱ्याच्या काकांनी देवूचा विषय काढला, त्याला एक जोड देतो. देवूचा मोटार व्यवसाय पुढे जनरल मोटर्सने घेतला आणि देवूच्याच मॅटिझची पुढची पिढी आपल्याकडे शेवरोले स्पार्क म्हणून आली. तळेगावात पहिल्यांदा तयार झाली ती हीच गाडी. म्हणजे कोरियन आरेखनाची गाडी या जागेत व्हेन्यूच्या बऱ्याच आधी तयार होत होती. माझी स्पार्क अजून चालू आहे आणि तिचे सुटे भाग मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणतो. गेल्या दिवाळीनंतर भिंतीला लावलेली टेबले पुन्हा खाली घेतली आहेत, सध्या रात्रीच्या पाळीचे जेवण साडेदहापर्यंत चालते.