भारी रिट्रॅक्ट टाकले म्हणून लँडिंग सुधारत नाही

केरोसीनवाला (धागाकर्ता)
"पाय मोडतात कारण तुम्ही स्वस्तातला गिअर घेता. ट्रेलिंग लिंकचे पाय आणि ६ मिमी पिनचे रिट्रॅक्ट टाका, लँडिंगचा प्रश्न मिटला." आपल्या पुण्यातल्या रिमोटच्या मॉडेल जेटवाल्यांच्या गटावर काल ही पोस्ट पडली आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. नवीन मुलं असलं वाचून पैसे घालतात आणि तेच मॉडेल पुढच्या रविवारी पुन्हा नाकावर आपटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. नव्यांसाठी: गिअर म्हणजे चाकांचे पाय, रिट्रॅक्ट म्हणजे ते पाय उड्डाणात आत दुमडणारी यंत्रणा, पिन म्हणजे पाय तिच्यात बसतो ती दांडी, आणि ट्रेलिंग लिंक म्हणजे ज्यात चाक मागे झुकलेल्या, सांध्यावर हलणाऱ्या दांड्यावर असतं तो पाय.

इंधन संपत आल्यावर १२ किलो भरणारं जेट धरा, पंखाचं क्षेत्रफळ ०.६५ चौरस मीटर. पूर्ण फ्लॅपवर (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) स्टॉल, म्हणजे ज्याखाली पंख उचलणं सोडतो तो वेग, सेकंदाला साडेपंधरा मीटरच्या आसपास. त्याच्या १.३ पट, म्हणजे २० ने अप्रोच (उतरायला येणं). तीन अंशांच्या उताराने २० ने आलात तर खाली येण्याचा वेग सेकंदाला १ मीटर. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलून उतार मोडणं) अजिबात केला नाही तरी पायांना फक्त ६ जूल झेलायचे असतात. नीट बसवलेला साधा स्प्रिंगचा पाय हे सहज झेलतो.

आता तेच मॉडेल २६ ने आणा आणि जबरदस्तीने जमिनीला टेकवा. पंख अजून उडतोच आहे. ते अर्धा मीटर उसळतं, वर वेग संपतो आणि तिथून नुसतं खाली पडलं तर ३ मीटर वेगाने टेकतं. ५९ जूल! जवळजवळ दहापट. पाय पहिल्या टेकण्यात मोडत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्यात मोडतात. त्याला सहाची पिन हा उपाय नाही.

उपाय फायनलवर, म्हणजे पट्टीकडे सरळ येतानाच्या शेवटच्या टप्प्यात, आहे. वेग एलिव्हेटरने (शेपटीची, नाक वर-खाली करणारी पट्टी), उंची थ्रॉटलने (इंजिनचा जोर). टर्बाइन (केरोसीनवरचं जेट इंजिन) आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, ठेवून सरपटत यायचं नाही, कारण आयडलवरून पूर्ण जोर यायला तीन ते पाच सेकंद जातात आणि तेवढ्यात धावपट्टी संपते. ४० ते ४५ अंश फ्लॅप, असतील तर स्पीडब्रेक, म्हणजे ड्रॅग (हवेचा अडथळा) एवढा होतो की इंजिन पाव थ्रॉटलवर जागं राहतं. फ्लॅपसोबत एलिव्हेटरचं मिक्स (फ्लॅपबरोबर तो आपोआप हलणं) उंचावर तपासून घ्या, फ्लॅप उतरायला दोन-तीन सेकंद लागू द्या. एवढं जमलं की गिअर कुठल्याही कंपनीचा असो.

भोसरी लेथ
कागदावर सगळं बरोबर. पण हा हिशोब डांबरी पट्टीचा आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या नशिबी मुरूम आहे. पावसाळ्यानंतर पट्टीवर चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात, वर सुपारीएवढे खडे. चाक २० ने खड्यावर गेलं की जोर खालून वर येत नाही, समोरून मागे येतो. सरळ स्ट्रट (पायाचा दांडा) त्या दिशेने दबतच नाही, म्हणून सगळा मार पिनवर आणि रिट्रॅक्टच्या माउंटवर जातो. ट्रेलिंग लिंकमध्ये चाक वर जाता जाता मागेही सरकतं, तोच त्याचा उपयोग. "कुठल्याही कंपनीचा असो" हे वाक्य मुरमावर उतरवणाऱ्याने लिहूच नये.

तुमच्याच जुलांवर बोलू. २ मीटरने टेकलं तर २४ जूल, एका पायाला १२. पायाचा प्रवास १५ मिमी असेल तर सरासरी जोर ८०० न्यूटन, २५ मिमी असेल तर ४८०. वैमानिक तोच, वेग तोच, फक्त पाय बदलला. हा फरक नाही?

केरोसीनवाला
फरक आहे, मी नाही म्हटलं नाही. पण काल जी पोस्ट पडली त्यात "प्रश्न मिटला" असं लिहिलंय. २६ ने येणाऱ्याला २५ मिमीचा प्रवास दिला आणि रिबाउंड (दबून परत उसळणं) आवरलं नाही, तर तोच स्प्रिंग त्याला आणखी उंच फेकतो. नुसता स्प्रिंग जेवढं घेतो तेवढं परत करतो. तेल किंवा घर्षण नसेल तर तो शॉक नव्हेच.

हवेवरचा
तुम्ही दोघं पायांवर भांडताय आणि खरा रोग बाजूलाच राहिला. गेल्या काही वर्षांत सगळे इलेक्ट्रिक रिट्रॅक्टच्या मागे लागले. त्यांचा कंट्रोलर करंट बघून ठरवतो की पाय टोकाला पोचला. मुरमाची धूळ लीडस्क्रूवर (पाय ढकलणारा आट्यांचा दांडा) बसली की मोटर अर्ध्यात अडते, करंट वाढतो, बॉक्सला वाटतं पाय उतरला. प्रत्यक्षात पाय ६० अंशांवर लटकतोय आणि लॉक नाही. असा पाय टेकल्यावर मागे दुमडणारच. मग म्हणायचं लँडिंग वाईट.

दाबाच्या हवेवर चालणाऱ्या गिअरमध्ये ही भानगड नाही. १०० ते १२० पीएसआय (दाबाचं माप) भरा, सिलिंडर सरळ ढकलतो, ओव्हर-सेंटर लॉक (सांधा मध्यरेषेपलीकडे जाऊन अडकतो) बसतो, विषय संपला.

तपकीर गल्ली
विषय संपला कसा? हवेची टाकी मधेच रिकामी होते त्याचं काय? ४ मिमीची ट्यूब कात्रीने तिरकी कापतात आणि फिटिंगमधून हवा झिरपत राहते. थंडीतल्या सकाळी ओ-रिंग आकसल्या की उडण्याआधी ११० असलेला दाब उतरताना ५० वर येतो, आणि एक पाय बाहेर, दोन आत. पाय खाली यायलाही हवेवरच अवलंबून असलेला गिअर आणि लो-प्रेशरला आपोआप गिअर खाली सोडणारी सुरक्षा व्हॉल्व्ह नाही, असं मॉडेल हवेत जाऊच नये.

इलेक्ट्रिकवाल्यांना तुम्ही जो दोष लावताय तो देखभालीचा आहे. लीडस्क्रूवर तेल लावलं की धुळीची पेस्ट होते. तेल लावायचंच नाही. कोरड्या ब्रशने झाडायचं आणि पीटीएफईचं (टेफ्लॉन) कोरडं वंगण. गिअरला स्वतःची दोन सेलची बॅटरी द्यायची, म्हणजे मोटर अडली तरी रिसीव्हरचा व्होल्टेज बसत नाही. आणि दर उड्डाणाआधी पाय खाली असताना हाताने मागे दाबून बघायचं. लॉक असेल तर तसूभर हलत नाही.

हवेवरचा
थंडीत आकसतात त्या स्वस्त ओ-रिंग. नाना पेठेत सीलवाल्याकडे जुनी रिंग दाखवा, ७० शोअरची (कडकपणाचं माप) नायट्राइल रबराची रिंग त्याच मापात मिळते. ट्यूब नव्या ब्लेडने काटकोनात कापा, सिलिंडरच्या दांड्याला सिलिकॉन ग्रीस, पेट्रोलियमचं नाही. १२० ला भरून अर्धा तास ठेवा, १० पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. हे न करता "हवा वाईट" म्हणणारे लोकच नव्या मुलांना भरकटवतात. इलेक्ट्रिकमधला बॉक्स जळला तर तुम्ही शेतात काय दुरुस्त करणार? माझ्या पेटीत ट्यूब, टी-जोड आणि चार रिंगा असतात.

तपकीर गल्ली
आणि मी सुटं युनिट ठेवतो, चार स्क्रू काढून दहा मिनिटांत बदलतं. शेतात दुरुस्ती करावी लागते हाच तर मुद्दा आहे. शिवाय हवा भरताना कॉम्प्रेसरमधून पाणी जातं त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमटपणात टाकीत पाणी साचतं, व्हॉल्व्हच्या स्पूलवर (आतला सरकता दांडा) गंज चढतो. पंपाला वॉटर ट्रॅप लावता का?

हवेवरचा
लावतो. आणि प्रत्येक वेळी टाकी उलटी करून हवा सोडतो. वॉटर ट्रॅपचा मुद्दा बरोबर आहे, तो लिहायला हवा होता. बाकी मत बदललेलं नाही.

ईडीएफ कोथरूड
जेट म्हणजे टर्बाइनच, असं धरून सगळे बोलताय. फोमची ९० मिमी ईडीएफ (नळीतल्या विजेच्या पंख्यावर उडणारी) घेणारे जास्त आहेत आणि सगळ्यात जास्त पाय त्यांचेच उखडतात. तिथे पिन मोडत नाही, प्लास्टिकचं माउंट फोमसकट निघतं. मूळ गोंद खरवडून काढायचा, ३ मिमी प्लायची पट्टी माउंटपेक्षा चारी बाजूंनी २०-२५ मिमी मोठी कापायची, तिला छोटी छिद्रं पाडायची, इपॉक्सी आत भरली पाहिजे. पाच मिनिटांची नको, तीस मिनिटांची. भार पंखाच्या स्पारपर्यंत (आतला मुख्य दांडा) पोचला तरच ते टिकतं.

आणि थ्रॉटल शून्य करून येऊ नका. बंद पंखा मोठा ड्रॅग आहे, मॉडेल दगडासारखं बसतं. तीस टक्के थ्रॉटल फ्लेअरपर्यंत. त्यासाठी बॅटरीत तीस टक्के शिल्लक हवी, कारण राउंड करून परत यायला दोनदा लागू शकतं. ६ सेलच्या ५००० एमएएचवर टायमर शेवटच्या थेंबापर्यंत लावणाऱ्यांची लँडिंग घाईची होते.

भोसरी लेथ
प्लायच्या पट्टीशी सहमत. टर्बाइनच्या मॉडेलमध्येही ६ मिमी बर्च प्लाय आणि ब्लाइंड नट (लाकडात मागून बसवलेले). नायलॉनचे स्क्रू लावून "आधी स्क्रू तुटू दे" म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. एका पायाचा स्क्रू आधी तुटला की मॉडेल त्याच बाजूला फिरतं आणि पंखाचं टोक जातं.

उन्हातला
केरोसीनवाल्यांचे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, आणि इथेच पुण्यातली लँडिंग बिघडतात. पुणे ५६० मीटरवर आहे. मे महिन्यात ४० अंशांना हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के कमी असते. तेवढीच लिफ्ट मिळायला जमिनीवरचा वेग ८ टक्क्यांनी वाढतो. तुमचे ताशी ७२ किलोमीटर इथे ७८ होतात आणि पट्टीवर थोपवायची ऊर्जा १६ टक्के जास्त. टर्बाइनचा जोरही घटतो, म्हणजे गो-अराउंड (न टेकता पुन्हा वर जाणं) सुस्त.

डोळ्याला वाटतं मॉडेल फार जोरात येतंय, मग लोक नाक ओढतात, ते पंखावर पडतं. याउलट डिसेंबरच्या सकाळी, १२ अंशांना, तोच पायलट त्याच जमिनीवरच्या वेगाने येतो आणि मॉडेल तरंगतच राहतं. हे दोन्ही टेलिमेट्रीने (मॉडेलवरून ट्रान्समीटरला येणारे आकडे) सुटतं, पण सेन्सर पिटॉट (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग सांगणारी नळी) हवा, जीपीएस नको. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो. मागून ५ मीटर वारा असताना जीपीएसवर २० दिसले तर पंखाला १५च मिळतायत, स्टॉलच्या खाली. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा चढतो, तेव्हा हे हमखास होतं. पिटॉटचं टोक नाकाच्या किंवा पंखाच्या पुढे स्वच्छ हवेत आणि ट्रान्समीटरवर वेगाची बोलती घोषणा, दोन सेकंदांनी.

केरोसीनवाला
उष्णतेचा हिशोब मान्य. पिटॉटवर २० हा आकडा दोन्ही ऋतूंत तोच राहतो, त्यामुळे मूळ मुद्दा उलट पक्काच होतो. रोग वेगात आहे.

भोसरी लेथ
अर्धा वेगात, अर्धा भूमितीत. हे कुणीच बोललेलं नाही. मॉडेल सपाट फरशीवर ठेवा, पंखाच्या मुळाशी कोनमापक लावा. फोनचा चालेल, पण तो पंखाच्या कॉर्डशी (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरळ रेघ) समांतर पट्टीवर ठेवायचा, वरच्या फुगीर पृष्ठभागावर नाही. तिन्ही चाकांवर उभं असताना पंख शून्यावर किंवा एक अंश खाली हवा. पुष्कळ मॉडेल दोन-तीन अंश नाक वर करून उभी असतात, कारण नोजचा पाय लांब किंवा मागचे स्प्रिंग दबलेले. असं मॉडेल टेकल्याबरोबर पुन्हा उडायलाच बघतं. पायलट कितीही चांगला असो, ते उसळणार.

दुसरं, मागच्या चाकांची जागा. मॉडेल सपाट धरून सीजीतून (गुरुत्वमध्य) ओळंबा सोडा. सीजीपासून चाक जिथे जमिनीला टेकतं तिथपर्यंतची रेघ ओळंब्याशी १२ ते १५ अंश मागे हवी. सीजी जमिनीपासून २०० मिमी उंच असेल तर चाक ४३ ते ५४ मिमी मागे. त्याहून मागे गेलं की मागची चाकं टेकताच नाक आपटतं आणि नोजचा पाय जातो, आणि लोक नोजचा पाय भारी घेतात.

तिसरं, पिनचा ग्रब स्क्रू (पिनवर दाबून बसणारा बिनडोक्याचा स्क्रू). स्ट्रट काढून पिन बघा. स्क्रूच्या ठिकाणी गोल चकाकणारा ओरखडा दिसला तर स्ट्रट फिरलेला आहे. पिनला कानशीने सपाट खाच करा, स्क्रूच्या टोकाएवढीच रुंद, निळं थ्रेडलॉकर लावा. चाकं शून्य किंवा एक अंश आत. एक चाक बाहेर बघत असेल तर मॉडेल तिकडे ओढलं जातं आणि नोजव्हीलने सावरताना पलटतं.

केरोसीनवाला
कोनाचा मुद्दा मूळ पोस्टमध्ये यायला हवा होता, हे मानतो. मुरमावर ट्रेलिंग लिंक हवा हेही मानतो. पण क्रम असा: आधी उभा कोन, मग चाकांची जागा, मग पिटॉट लावून वेग, आणि एवढं झाल्यावरही पाय वाकत असतील तर खरेदी. कालच्या पोस्टने खरेदी पहिली ठेवली, त्यावर माझा राग आहे आणि राहील.

तपकीर गल्ली
नोजव्हीलचं लिहून ठेवतो. स्टिअरिंगला दोन्हीकडे १२ अंश पुरतात, ३५ टक्के एक्स्पो (काडीच्या मधल्या भागात हालचाल मऊ करणं). जायरो लावायचा तर रेट मोडमध्ये (नुसतं वळणं मंदावणारा), हेडिंग होल्ड (दिशा धरून ठेवणारा) नको, नाहीतर उतरताना वाऱ्यासाठी वळवलेलं नाक तो धरून ठेवतो आणि चाक वाकडं टेकतं. गिअर वर असताना जायरोचा गेन (तो किती जोराने सावरतो ते) शून्य.

उन्हातला
आणि रिबाउंड तपासायला मीटर लागत नाही. नाक दोन बोटांनी पूर्ण दाबा आणि सोडा. ते सावकाश वर येऊन थांबायला हवं. चाक जमिनीवरून उचललं गेलं तर स्प्रिंग फार ताठ आहे किंवा तेल गेलंय. तेल गेलं असेल तर आरसी कारच्या शॉकचं सिलिकॉन तेल चालतं, पण दोन्ही मागच्या पायांत एकाच दाटपणाचं (व्हिस्कॉसिटी) आणि एकाच पातळीपर्यंत.